नजर पुढे, हात मागे

कथालेखनाच्या कुठल्याही कार्यशाळेत बसा, एक गोष्ट हमखास ऐकू येते. वाचून दाखवायची पाळी आली की नवा लेखक वहीतून मान वर न काढता म्हणतो, “तसं काही विशेष नाहीये, काल रात्री घाईघाईत खरडलंय.” चित्रकलेच्या वर्गात ऐकू येतं, “अजून पुरं झालेलं नाही हां.” गाण्याच्या बैठकीत, “आज जरा घसा बसलाय.” ऐकणारे हा विनय समजून सोडून देतात. मला मात्र ही वाक्यं ऐकली की काळजी वाटते, कारण बहुतेक वेळा ती कथा घाईत लिहिलेली नसते. चार वेळा खोडून, पुन्हा लिहून, घरातले झोपल्यावर जागून केलेलं ते काम असतं. करणाऱ्याला स्वतःच्या कुवतीबद्दल इतकी शंका असते की केलेले कष्टसुद्धा तो लपवून ठेवतो.

या लपवण्याचा मानसशास्त्रात चांगला अभ्यास झाला आहे. १९७८ मध्ये स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना सुटण्याजोगे प्रश्न दिले, काहींना मुळात उत्तरच नसलेले. दोन्ही गटांना सांगितलं की तुम्ही फार छान सोडवलेत. पुढच्या फेरीआधी त्यांच्यासमोर दोन औषधं ठेवली. एकाने डोकं जास्त चालतं आणि दुसऱ्याने मंदावतं, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ज्यांना उत्तर नसलेले प्रश्न आले होते, म्हणजे ज्यांचं कौतुक झालं पण ते कशाबद्दल झालं हे ज्यांना उमगत नव्हतं, त्यांच्यात, विशेषतः मुलांमध्ये, डोकं मंदावणारं औषध घेण्याकडे कल दिसला. पुढचा पेपर बिघडला तर दोष औषधावर जाणार होता. स्वतःच स्वतःच्या वाटेत धोंडा ठेवायचा, म्हणजे पडलो तर धोंड्यामुळे पडलो असं म्हणता येतं.

“घाईत खरडलंय” या वाक्याचं काम हेच. कथा फसली तर घाई जबाबदार, कुवत शाबूत. पण या सोयीची किंमत मोठी आहे. समोरचा माणूसही मग “थोडा वेळ देऊन पुन्हा लिहा” एवढंच सांगतो. कथेत नेमकं काय बिघडलं, हे ज्याला सांगता आलं असतं, त्यालाच आपण गप्प केलेलं असतं.

ही शंका येते कुठून? एखाद्या बावीस वर्षांच्या मुलीने जी. ए. कुलकर्णी वाचलेले असतात, गौरी देशपांडे वाचलेली असते, भाऊ पाध्ये वाचलेले असतात. वाचक म्हणून तिची आठ-दहा वर्षांची उमेदवारी झालेली असते आणि लेखक म्हणून जेमतेम दोन महिन्यांची. ती पहिली कथा लिहिते आणि दुसऱ्या दिवशी वाचते. संवाद लाकडी झालेत, शेवट ओढूनताणून आणलाय, हे तिला पहिल्याच वाचनात दिसतं, कारण तिची नजर तयार आहे. ते सुधारता मात्र येत नाही, कारण हात अजून तयार व्हायचा आहे. तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, असं आपल्याकडे म्हणतात. खरं तर प्रत्येक तानसेन आधी कानसेन असतो, आणि मधला काळ फार जाचाचा जातो. सूर लागला नाही हे कानाला कळत असतं आणि गळ्याला तो लावता येत नसतो.

या काळात मनात एक घातक उडी घेतली जाते. “या कथेतले संवाद लाकडी आहेत” हे कामाबद्दलचं निरीक्षण असतं आणि बहुधा ते खरंही असतं. त्याचं क्षणात “माझ्यात ते नाहीच” असं होतं. पहिल्या वाक्यावर उद्या सकाळी बसून काम करता येतं. पात्रं काय बोलतात ते मोठ्याने वाचून पाहता येतं, बसमध्ये, भाजीबाजारात, दवाखान्याच्या रांगेत माणसं कशी बोलतात ते टिपून ठेवता येतं. दुसऱ्या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. म्हणून “माझ्यात ते नाहीच” असं मनात आलं की त्याच्या पोटात लपलेलं पहिलं वाक्य शोधून काढायचं: नेमकं कुठे? कोणत्या पानावर? कोणत्या रेषेत? शंका येते म्हणून आपण प्रतिभावान, असा उलटा दिलासाही कुणी घेऊ नये. शंकेवरून एवढंच कळतं की नजर जागी आहे.

नजर पुढे आणि हात मागे असण्याचा काळ कसा काढावा, याचं जगातलं बहुधा सर्वांत तपशीलवार उदाहरण व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं आहे, कारण त्याची पत्रं शिल्लक आहेत. आपल्याला त्याची सूर्यफुलं आणि चांदण्या रात्रीचं चित्र ठाऊक असतं, पण नवशिक्याने त्याआधीची पाच वर्षं पाहावीत. १८८० मध्ये त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि हाती घेतलेलं प्रत्येक काम सुटलेलं होतं. चित्रविक्रीच्या पेढीतून त्याला काढून टाकलं होतं, इंग्लंडमधली शिक्षकी संपली होती, पुस्तकांच्या दुकानातली नोकरी टिकली नव्हती, धर्मशास्त्राचा अभ्यास अर्धवट राहिला होता. बेल्जियममधल्या बोरीनाज या कोळसाखाणींच्या भागात तो धर्मप्रचारक म्हणून गेला होता आणि तिथली नेमणूकही पुढे चालू ठेवली गेली नव्हती.

त्या खाणकामगारांच्या वस्तीत त्याने चित्रकला सुरू केली ती नक्कल करून. शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराने शिकाऊ मुलांसाठी रेखाटनाचे छापील तक्ते तयार केले होते. त्यातला कोळशाने रेखाटनं करण्याचा साठ तक्त्यांचा संच व्हिन्सेंटने मागवून घेतला आणि तो संपूर्ण संच पुन्हा पुन्हा उतरवला. भावाकडून, म्हणजे थिओकडून, त्याने मिले या चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांचे छाप मागवले आणि त्यांच्याही नकला केल्या. त्या काळातली त्याची माणसं ताठर आहेत. हातपाय शरीराला जोडल्यासारखे वाटत नाहीत, डोकी खांद्यांवर नीट बसत नाहीत. ती रेखाटनं पाहून हा पुढे कोण होणार, हे कुणालाही सांगता आलं नसतं. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. उद्या कोणता तक्ता उतरवायचा एवढं मात्र माहीत होतं, आणि दिवस पुढे न्यायला ते पुरेसं होतं.

पुढे हेग शहरात तो पर्स्पेक्टिव्हशी झगडत होता. दूरच्या आणि जवळच्या वस्तूंची प्रमाणं त्याला सांभाळता येईनात. तेव्हा त्याने एक चौकट बनवून घेतली. तिच्यावर आडव्याउभ्या दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि ती जमिनीत रोवून उभी करण्यासाठी लोहाराकडून टोकदार पाय करून घेतले होते. ही चौकट समुद्रकिनाऱ्यावर किंवा कुरणात रोवायची, तिच्यातून समोरचं दृश्य पाहायचं आणि दोऱ्यांच्या आधाराने कागदावर उतरवायचं. “मला चित्र काढता येत नाही” या मोठ्या दुःखाचं त्याने “मला अंतराची प्रमाणं चुकतात” या छोट्या अडचणीत रूपांतर केलं आणि त्या अडचणीवर लोहाराकडून इलाज करून घेतला. मला या पाच वर्षांतला हा प्रसंग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

त्याच हेगमध्ये १८८२ साली त्याच्या जुन्या पेढीचे व्यवस्थापक टेर्स्टेख यांनी त्याला तोंडावर सांगितलं की तू कलावंत नाहीस, तू फार उशिरा सुरुवात केलीस. हा माणूस चित्रांचा जाणकार होता, त्यामुळे घाव खोल गेला. पत्रांमधून ते दुखणं बराच काळ डोकं वर काढत राहतं. पण त्याच वर्षी त्याच्या एका चित्रविक्रेत्या काकाने हेग शहराच्या बारा रेखाटनांची मागणी नोंदवली, प्रत्येकी अडीच गिल्डर दराने. रक्कम किरकोळ होती, तरी बारा चित्रं ठरलेल्या आकारात पूर्ण करून द्यायची होती आणि त्याने ती दिली.

१८८४-८५ च्या हिवाळ्यात न्यूनन या खेड्यात त्याने शेतकऱ्यांच्या डोक्यांचे सुमारे चाळीस अभ्यास रंगवले आणि त्यातून ‘बटाटे खाणारे’ हे चित्र उभं राहिलं. त्याचा चित्रकार मित्र व्हान राप्पार्ड याने त्या चित्राचा दगडछाप पाहून अतिशय कठोर पत्र लिहिलं. मागच्या बाईचा हात, माणसाचं शरीर, कॉफीची किटली, सगळ्यावर त्याने टीका केली. व्हिन्सेंटने ते पत्र तसंच परत पाठवलं. मैत्री पुढे टिकली नाही, चित्र टिकलं. दोन वर्षांनी बहिणीला लिहिताना तो आपल्या कामातलं हेच चित्र सर्वांत चांगलं मानत होता. आज ते ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. १८९० च्या जूनमध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याने थिओकडे पुन्हा एकदा बार्गचे तेच शिकाऊ तक्ते मागितले होते.

मनातला आवाज “तू चित्रकार नाहीस” असं म्हणाला तर चित्र काढायला लाग, म्हणजे तो आवाज गप्प होईल, अशा आशयाचं त्याचं म्हणणं फार प्रसिद्ध आहे. ते आलं आहे १८८३ मध्ये ड्रेंथ या भागातून लिहिलेल्या पत्रात. ते त्याने लिहिलं होतं थिओला, कारण थिओनेही नोकरी सोडून चित्रकार व्हावं असा त्याचा आग्रह होता. थिओने ते ऐकलं नाही. तो नोकरीत राहिला आणि दर महिन्याला भावाला पैसे पाठवत राहिला. आत्मविश्वासाबद्दल बोलताना हे सांगायलाच हवं. घरभाडं कुणीतरी भरत असलं की शंकेशी झुंजायला बळ उरतं. आपल्याकडे नोकरी, घरकाम, मुलांच्या शाळा सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला दिवसाकाठी अर्धा तास मिळत असेल तर त्याचा वेग कमी असणारच, आणि त्या वेगावरून त्याने स्वतःची लायकी ठरवू नये.

काम केल्याने शंका ओसरते, हे कलावंत अनुभवाने सांगतात. त्यामागचं कारण अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने शोधलं आणि त्यासाठी त्याने कलेची परीक्षा न घेता सापांची मदत घेतली. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सापाला विलक्षण घाबरणाऱ्या प्रौढ माणसांचे गट केले. एका गटाने समोरचा प्रशिक्षक अजगराच्या जातीचा साप कसा हाताळतो ते फक्त पाहिलं. दुसऱ्या गटाने प्रशिक्षकाच्या मदतीने स्वतः पायरी पायरीने तेच केलं: आधी पेटीजवळ जाणं, मग हातमोजा घालून स्पर्श, मग उघड्या हाताने, आणि शेवटी साप मांडीवर फिरू देणं. तिसऱ्या गटाला काहीच शिकवलं नाही. मग प्रत्येकाला विचारलं, यातलं काय काय तुम्हाला जमेल असं वाटतं? ज्यांनी स्वतः हात लावला होता त्यांचा भरवसा सर्वांत जास्त वाढला होता. पाहणाऱ्यांचा थोडा वाढला होता आणि तिसऱ्या गटात फरक नव्हता. पुढे प्रत्यक्षात कोण काय करू शकलं, हेही त्या भरवशाशी बऱ्याच अंशी जुळलं.

“मला हे जमेल” हा भरवसा बंडुराच्या मते चार वाटांनी येतो. सर्वांत भक्कम वाट स्वतः केलेल्या कामाची. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहण्याची. तिसरी दुसऱ्यांनी दिलेल्या धीराची, आणि चौथी शरीराच्या अवस्थेची, म्हणजे छाती धडधडत असेल, झोप झाली नसेल तर तेच काम अवघड वाटतं. या क्रमाकडे नीट पाहावं. धीराचे शब्द तिसरे आले आहेत आणि एकट्याने ते फार काळ पुरत नाहीत. रोज सकाळी फोनवर येणारे प्रेरणादायी सुविचार का उपयोगी पडत नाहीत, याचं उत्तर त्यात आहे. दुसरं असं की बंडुराच्या माणसांना पहिल्याच दिवशी साप मांडीवर घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलं पाऊल पेटीजवळ जाण्याचं होतं. नवा लेखक मात्र थेट कादंबरी घेऊन बसतो, पहिल्या चाळीस पानांत दमतो आणि दमण्याला नालायकपणा समजतो.

दादासाहेब फाळक्यांनी हे पहिलं पाऊल फार शहाणपणाने उचललं होतं. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणि यंत्रसामग्रीची व्यवस्था करून ते मुंबईला परतले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. छपाई, छायाचित्रण यांचा अनुभव गाठीशी होता, पण कथापट काढलेला नव्हता. इथे कुणीच तो काढलेला नव्हता, त्यामुळे भांडवल द्यायला कुणी तयार होईना. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर लावला आणि दिवसेंदिवस एकेक चित्र टिपत गेले. पडद्यावर ती फीत दाखवली तेव्हा दाण्यातून अंकुर फुटून रोप पाहता पाहता वाढताना दिसलं. ती पाहून कर्ज देणारे पुढे आले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, इतकंच नव्हे तर कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडण्याचं कामही त्या शिकल्या. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

वाटाण्याच्या त्या फितीचं महत्त्व कर्जापुरतं नाही. ती लांबीने अगदी लहान होती, पण तिला सुरुवात होती आणि शेवट होता. चित्रण, फिल्म धुणं, छापणं, पडद्यावर दाखवणं, हे सगळे टप्पे तिच्यात येऊन गेले. बिघडली असती तर एक दाणा पुन्हा पेरावा लागला असता. नवशिक्यासाठी मला हेच माप योग्य वाटतं: बिघडलं तर सहज पुन्हा करता येईल इतकं लहान, पण पूर्ण. दीड पानाची कथा, एका प्रसंगाची नाटिका, एकाच रंगातलं चित्र. अर्धवट राहिलेल्या दहा कादंबऱ्या शंका वाढवतात, कारण शेवटापर्यंत पोहोचल्याचा अनुभव त्या एकदाही देत नाहीत.

आतापर्यंतचं सगळं विवेचन शंका आपल्या आतून येते असं गृहीत धरून केलं. पुष्कळदा ती बाहेरून आत घातलेली असते. मराठीत लिहिणाऱ्यांच्या मनात सर्वांत खोल रुतलेली शंका “माझी भाषा शुद्ध नाही” ही असावी. घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा माणदेशी बोललं जातं, शाळेत ‘न’ आणि ‘ण’वरून वर्ग हसलेला असतो, आणि मोठेपणी लेखणी उचलली की तो वर्ग पुन्हा कानात हसू लागतो. शुद्धलेखनाचे सध्याचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केले आणि १९६२ मध्ये ते सरकारमान्य झाले. ऱ्हस्व-दीर्घ कुठे लिहायचं अशा लेखनाच्या बाबी ते सांगतात, आणि त्या चुका मुद्रितशोधक एका बैठकीत काढून देतो. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. खानदेशच्या बोलीतली त्यांची गाणी इतरांनी कागदावर उतरवली, आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपात आली. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकल्या, आणि साठी उलटल्यावर त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध झाले. मराठी गद्यातल्या उत्तम पुस्तकांमध्ये आज त्याचं नाव घेतलं जातं.

बेबी कांबळे यांची हकिकत तर प्रत्येक नव्या लेखकाला सांगावी अशी आहे. फलटणला त्या छोटं दुकान चालवत. पुड्या बांधायला आलेले रद्दी पेपर त्या वाचायच्या, ग्रंथालयातून पुस्तकं आणायच्या, आणि दुकानात बसल्या बसल्या महार समाजाच्या बायकांचं जगणं वहीत लिहून काढायच्या. या वह्या त्यांनी घरच्यांपासून जवळजवळ वीस वर्षं लपवून ठेवल्या. पुढे फलटणमध्ये स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन या भाषाभ्यासक बाईंना हे लेखन कळलं आणि त्यांनी ते प्रकाशित व्हावं म्हणून धीर दिला. ‘स्त्री’ मासिकात १९८२ मध्ये ते क्रमशः आलं, आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. वह्या लपवणाऱ्या त्या बाईला “आत्मविश्वास वाढवा” असा सल्ला देणं अन्यायाचं झालं असतं. तिला लिहिता येत होतं आणि ती रोज लिहीत होती. बाईने, त्यातून दलित बाईने, स्वतःबद्दल लिहिणं ज्यांना खपलं नसतं, त्यांची भीती तिला होती, आणि ती भीती काल्पनिक नव्हती. अशा वेळी वही लपवणं हे काम वाचवणं असतं. आपली शंका कोणत्या जातीची आहे, हातातल्या कसबाबद्दलची की आपल्याला बोलूच न देणाऱ्या माणसांनी रुजवलेली, हे ओळखायला हवं. पहिलीवर उपाय सराव. दुसरीवर उपाय आपल्यासारखी माणसं शोधणं आणि वाचणं.

मग दाखवायचं कुणाला आणि कसं? इथे आणखी एक प्रयोग धीर देतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र छापलेला टी-शर्ट घालायला लावला. तो गायक त्या वयाच्या मुलांना लाजिरवाणा वाटणारा होता. टी-शर्ट घालून त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांनी आपला टी-शर्ट ओळखला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम एक चतुर्थांश लोकांच्या ते लक्षात आलं होतं. पहिली कविता प्रसिद्ध केल्यावर सगळं गाव आपल्याकडे पाहतंय असं वाटतं. गावाला आपापली कामं असतात.

दाखवताना एक सवय मोडायला हवी: “कसं वाटलं?” असं विचारू नये. या प्रश्नाला आई “छान” म्हणते, मित्र अंगठा पाठवतो, आणि एखादा तुसडा माणूस सगळंच मोडीत काढतो. तिन्हींमधून हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं विचारावं: कुठे वाचायचा कंटाळा आला? कोणतं वाक्य दोनदा वाचावं लागलं? ही बाई घर सोडून का जाते हे कळलं का? अशा प्रश्नांची उत्तरं साहित्याचा अभ्यास नसलेला माणूसही प्रामाणिकपणे देऊ शकतो. मुख्य म्हणजे, ती उत्तरं कितीही प्रतिकूल असली तरी कथेच्या दुसऱ्या पानाबद्दल असतात, लेखकाच्या लायकीबद्दल नसतात. एक-दोन विश्वासू वाचक सुरुवातीला पुरेत.

संपादकांकडून येणारं ‘साभार परत’ हा वेगळा विषय आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नव्या लेखकासाठी दिवाळी अंक हे मोठं दार आहे, आणि त्या दारातून परत येणारेही पुष्कळ असतात. पानं मोजकी असतात, विषय ठरलेले असतात, काही लेखकांना आधीच सांगितलेलं असतं. परत आलेल्या कथेवरून त्या अंकात जागा नव्हती एवढं नक्की कळतं. कथा वाईट होती का, हे वेगळं तपासावं लागतं. तीन ठिकाणांहून परत आली तर पुन्हा वाचावी, दोष दिसला तर दुरुस्त करावी, नाही दिसला तर चौथ्या ठिकाणी पाठवावी, आणि दरम्यान दुसरी लिहायला घ्यावी. सर्जनशील माणसांच्या कारकिर्दींचा अभ्यास करणाऱ्या डीन सायमन्टन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं आहे की ज्यांची उत्तम कामं जास्त असतात त्यांची एकूण कामंही जास्त असतात, आणि त्यात फसलेलीही भरपूर असतात. आपलं कोणतं काम टिकेल, याचा अंदाज मोठमोठ्यांनाही नीट आलेला नाही.

शंका कायमची जाईल या आशेवर मात्र कुणी थांबू नये. जॉन स्टाइनबेक १९३८ मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ लिहीत होता तेव्हा त्याची अनेक पुस्तकं प्रसिद्ध झालेली होती आणि नावही झालेलं होतं. त्या महिन्यांत तो कामाची रोजनिशी ठेवत असे. आपण हे पुस्तक नासवतोय, आपल्यात तेवढी ताकद नाही, ही तक्रार तीत वारंवार येते. त्याच पानांवर त्या दिवशी किती काम झालं, उद्या काय करायचं, हेही लिहिलेलं आहे. पुस्तक १९३९ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि १९६२ मध्ये लेखकाला नोबेल.

तुमच्याकडे अशी एखादी वही असेल, कपाटात साड्यांखाली, फोनमध्ये कुलूप लावलेल्या फोल्डरमध्ये किंवा ऑफिसच्या खणात, तर तीतलं सर्वांत लहान अर्धवट काम निवडा आणि या आठवड्यात पूर्ण करा. ते एका माणसाला वाचून दाखवा. आधी माफी मागू नका, घाईत लिहिलंय असं सांगू नका. वाचून झाल्यावर एकच नेमका प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तोवर दोन-तीन लहान कामं नक्की हातावेगळी होतील. त्यातलं एक पाठवा.